बंगईची सळई ताणत नाही

२८ जुलै, सोमवार
आजपासून रागावली आहे. कारण लिहून ठेवते. मागच्या खेपेले कारणच विसरली होती, उगाच माफ करा लागलं.

पोरगा किशोर म्हणते, हॉलमधली बंगई काढू. झोपाळ्याच्या सळ्या जुन्या झाल्या, एखाद्या दिवशी तुटन, आई पडन. त्यापेक्षा सोफा घेऊ. मी म्हणलं, चारही सळ्या माया बापानं पातूरच्या लोहाराकडून करून आणल्या. तू तुटशीन, त्या नाही तुटत.

नात आकांक्षा इंजिनिअरिंगले आहे. ती म्हणे, बाबा, थांबा, मोजून पाहू. सळईले बारीक पट्टी चिकटवली, वायर लॅपटॉपले लावली. म्हणे, आजी, बस. बसली. म्हणे, पाह्य, सळई ताणली.

ताणली म्हणे. केसाच्या जाडीहून कमी, पण ताणली. माया माहेरच्या लोखंडाले.

त्याच दिवशी, दुपार
आकांक्षा समजावाले आली. लोखंड ताणतेच म्हणे. वजन काढलं का होतं तेवढं होते, तेच चांगल्या सळईचं लक्षण. परत येत नाही ते लोखंड बिघडलं. मी म्हणलं, आमचं लोखंड जागचं हालतच नाही, तर परत काहाले येईन?

मग म्हणे, जेवढं वजन तेवढी ताणते, म्हणून वजनही समजते. चौऱ्याऐंशी किलो. हळू बोलली, पण सैपाकघरात रश्मीचं लाटणं थांबलं. सुनेचं लाटणं थांबलेलं मले बरोबर ऐकू येते.

पाटाचं वजन धरलं असन. मी बासष्ट किलो आहे. किशोरच्या लग्नात मोजलं होतं.

२९ जुलै
ठराव. पोरगी शब्द मागं घेत नाही तोवर बंगईवर बसणार नाही. वजनही कमी करणार. दोन्हीचा काही संबंध नाही.

२ ऑगस्ट
खुर्चीवर बसून पाय सुजले. कोनी इचारत नाही. दुपारी सगळे झोपले तवा बंगईवर टेकली. बसली नाही. पाट पुसाचा होता. चार वाजेपर्यंत पुसला.

४ ऑगस्ट
श्रावण सोमवार. कडक उपास. साबुदाण्याची उसळ, रताळ्याचा कीस, दोन केळं, शेंगदाण्याचे लाडू. बाकी पोटात काही नाही. अंग हलकं वाटून राहिलं. रश्मी म्हणे, आई, आणखी उसळ देऊ का? मुद्दाम इचारते. घेतली, अन्नाचा अपमान करू नाही.

९ ऑगस्ट
उद्या अकोल्याहून लहान्या अश्विन येते. दोघं भाऊ मिळून बंगईचं ठरवणार. आकांक्षा म्हणे, आजी, तू सगळ्यांसमोर फक्त बस. आकडा चढन, उठली का शून्यावर येईन. सळई धडधाकट आहे हे बाबाले दिसन, बंगई वाचली.
आकडा सगळ्यांना दिसन? म्हणे, त्याच्यासाठीच तर बसाचं.
आजकालच्या पोरींना लाज नाही.

१० ऑगस्ट, रविवार
मी म्हणलं, रश्मीले बसव, वजन ते वजन. रश्मी बसली. आकडा चढला, उठली, शून्य झाला. मी म्हणलं, झालं ना सिद्ध? अश्विन म्हणे, वहिनी म्हणजे चिमणी. रोज बसणाऱ्या माणसानं बसून दाखवा.
आकांक्षानं माया हात धरला. म्हणे, आजी, बस ना वं.
माया गुडघा दुखून राहिला होता.
किशोर म्हणे, पाह्यलं? आई स्वतः बसाले भेते. तिलेच त्या सळ्यांचा भरोसा नाही.
अशा लोकांशी काय बोलाचं. पोरगी लॅपटॉप घेऊन आत गेली, जेवलीसुद्धा नाही. तिचाही राग आला.

१३ ऑगस्ट
बंगई अकोल्याले गेली. अश्विनची बायको तिच्यावर उन्हात गाद्या घालणार म्हणे. घाल बाई.

२० ऑगस्ट, दुपारी दीड
सोफा आला. मी आधीपासून सोफाच म्हणत होती. किशोर म्हणे, आई, पयले तू बस.
सळई केसाएवढी ताणली तर केवढा बोभाटा. हा वीतभर खाली गेला, कोनी मोजलं नाही. गुडघे छातीशी आले. आता सगळे आपापल्या कामाले गेले. रश्मी सैपाकघरात आहे, पण हात द्याले तिले आवाज देणार नाही.
आकांक्षा पाच वाजता कॉलेजातून येते. तोवर लिहीत बसते.