तळ नसलेल्या तीन तबकड्या

मंगळवार, ४ मार्च

आल्या! तिन्ही एकाच खोक्यात. वर मासिकाच्या संपादकबाईंची चिठ्ठी — "निःपक्षपणे लिहा. त्या तिघांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

निःपक्षपणे म्हणे! बँड फुटला, तिघांनी तीन वेगळ्या तबकड्या काढल्या, आणि त्यांचा निवाडा करायला बोलावलं कोणाला, तर चौथ्याला. ज्याची एकही तबकडी नाही त्याला. ही कल्पना बाईंच्या डोक्यातून निघाली असेल असं मला वाटत नाही. घशाने सुचवली असणार. गाणं कमी आणि असले उद्योग जास्त, हा त्याचा जुना स्वभाव.

घसा गायचा, तात्या गिटार, ठोक्या ड्रम्स आणि मी बेस. म्हणून मी खर्ज. ही नावं आम्हीच एकमेकांना ठेवली होती. नऊ वर्षं. आणि बँड मोडल्याचं मला कळलं सगळ्यांत शेवटी, तेही तालमीच्या हॉलच्या रखवालदाराकडून! "तुम्ही कशाला आलात साहेब, बाकीचे तिघे सामान घेऊन गेले की." त्यानंतर तिघांचे फोन येत होते. एकही उचलला नाही. कशाला उचलायचा?

ते असो. काम चोख करणार. आमचा जुना नियम पाळायचा — आधी कान, मग डोळे. बँडमध्ये कोणाचंही नवीन काही ऐकायचं झालं की कव्हर दुसऱ्याच्या हातात द्यायचं. फोटो बघायचा नाही, कोणी काय वाजवलंय ते वाचायचं नाही, कोणाचे आभार मानलेत तेही नाही. कव्हरं हिच्याकडे दिली. म्हटलं, लपवून ठेव, मी मागितली तरी देऊ नकोस.

ही म्हणाली, "सर्दी बरी झाली का? इतक्या मोठ्याने काय बोलतोयस?"

कानाला अजून दडे बसल्यासारखं आहे. जाईल.

बुधवार, ५ मार्च

घशाची ऐकली. दोनदा.

आवाज तसाच आहे, हे कबूल केलंच पाहिजे. तिसऱ्या गाण्यात वरच्या पट्टीत जाऊन तो एकदम कुजबुजतो, तिथे अंगावर काटा आला. शब्द नेहमीसारखे — मी एकटा, मी निघालो, मी परत येणार नाही. अरे, जा ना मग!

पण एक गोष्ट विचित्र. बेसच नाही. आठही गाण्यांत नाही! वर गाणं, गिटार, झांजा सगळं जागच्या जागी, आणि खाली पोकळ. वरचे मजले बांधून पाया घालायला विसरल्यासारखं. पैसे वाचवले म्हणावं, तर व्हायोलिनवाले चार-चार बोलावलेत.

आणि गाणी? निदान तीन तरी आमच्या शेवटच्या तालमींतली आहेत. तात्या तेव्हा सगळं टेप करत होता. म्हणजे ती अर्धवट गाणी यांनी वाटून घेतली. मला न विचारता! आणि माझा भाग खरवडून काढला.

शुक्रवार, ७ मार्च

कामावर कटकट. मोठ्या दवाखान्याच्या इमारतीतली दोन नंबरची लिफ्ट तपासायला गेलो होतो. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत फिटर म्हणतो, "साहेब, मोटर घुमतेय. बेअरिंग जाणार." मी कान लावला. कुठे घुमतेय? दोराची करकर स्पष्ट, ब्रेकची टकटक स्पष्ट, बाकी काही नाही. तसं म्हटलं तर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुम्हीच तर शिकवलंत ना साहेब, घुमणारा आवाज पोटात जाणवतो म्हणून."

मला वाटतं त्याला मोटर उतरवायला लावून रविवारच्या ड्यूटीतून सुटायचंय. साळसूद चेहरा करून माणूस काय काय करतो! "ठीक आहे" असा शेरा मारून टाकला.

शनिवार, ८ मार्च

तात्याचीही तीच गत!

गिटार सुरेख. तात्या म्हातारा होत चाललाय आणि गिटार तरुण. पूर्वी एका सुराच्या जागी सहा टाकायचा, आता एक टाकतो आणि थांबतो. शेवटच्या गाण्यात तर इतका वेळ थांबतो, की मला वाटलं तबकडी अडकली. हे सगळं लिहीन. खरं ते लिहीन.

पण बेस नाही. एकाने केलं तर आवड म्हणू. दोघांनी केलं तर? कुठेतरी पाणी मुरतंय. बसून ठरवलंय यांनी — खर्ज नसला तरी आपलं काही अडत नाही, हे जगाला दाखवायचं.

रविवार, ९ मार्च

फ्रिज गप्प झालाय. वर्षभर घरघरत होता. ही म्हणते, कोणाला बोलावलं नाही. मग काय आपोआप सुधारला? मला न सांगता दुरुस्त करून घेतला असेल. पण त्यात लपवण्यासारखं काय?

मंगळवार, ११ मार्च

घरातही काहीतरी शिजतंय. जेवणानंतर पाण्याला उठलो, तर ही आणि चिमणी कव्हरं मांडीवर घेऊन बसलेल्या. मला पाहिल्याबरोबर ओढणीखाली सरकवली. चिमणीला हसू आवरत नव्हतं.

"बाबा, ओळखलंस का?"

"काय ओळखायचं?"

"काही नाही!" आणि आईकडे बघून पुन्हा फिस्स.

माझी मुलगी, मी तिला गाढवासारखा पाठीवर घेऊन फिरलो, आणि ती त्या तिघांच्या कव्हरांवर हसते. माझ्याबद्दल काहीतरी छापलंय त्यावर. टोमणा असणार. घशाला टोमणे सुचतात. विचारणार नाही. नियम म्हणजे नियम.

बुधवार, १२ मार्च

चिमणी म्हणते वरच्या मजल्यावर दिवसभर धप्प धप्प चालतं, अभ्यास होत नाही. मी अर्धा तास तिच्या खोलीत बसलो. पाखरांचा आवाज आला, खालच्या सायकलची घंटी आली. धप्प काही नाही. परीक्षा जवळ आली की कारणं सुचतात.

गुरुवार, १३ मार्च

ठोक्याची मुद्दाम शेवटी ठेवली होती. वाटलं होतं, हा तरी असं करणार नाही.

ड्रमवाल्याची तबकडी आणि तिच्यात बेस नाही! घसा आणि तात्याचं समजू शकतो, त्यांना आपल्यापलीकडे काही ऐकूच येत नाही. पण ठोक्या? नऊ वर्षं तो आणि मी शेजारी शेजारी उभे. त्याचा उजवा पाय आणि माझा अंगठा एकाच वेळी पडायचे. एकमेकांकडे बघायचीही गरज नसायची. लग्नात त्याने माझी पगडी सांभाळली, चिमणी झाली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रात्र काढली. आणि या तबकडीत त्याचे मोठे ड्रमसुद्धा पातळ करून टाकलेत, नुसती वरची झांज आणि काड्या! माझी आठवण नको म्हणून स्वतःचा पायसुद्धा काढून टाकला?

फार वाईट वाटलं. उगाच लपवण्यात अर्थ नाही. रडलो.

शनिवार, १५ मार्च

लिहून पाठवलं. एका बैठकीत लिहिलं.

घशाच्या गळ्याला, तात्याच्या थांबण्याला, ठोक्याच्या काड्यांना जे द्यायचं ते दिलं. कोणी म्हणू नये की जळून लिहिलं. मग शेवटी — "परंतु या तिन्ही तबकड्यांना तळ नाही. तिघांनी ठरवून बेस वगळला आहे. का वगळला, ते त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक. एकत्र असताना ज्याच्यावर उभे होते, तेच काढून टाकलेल्या माणसांचं हे संगीत आहे."

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. चांगलं जमलंय.

हिला वाचून दाखवलं. वाटलं, शाबासकी देईल. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "पाठवलंस?" म्हणाली. हो म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती. बाजू कोणाची घेते ही?

सोमवार, १७ मार्च

बाईंचा फोन. "लेख उत्तम आहे, पण एक विचारू का? तुम्ही नीट यंत्रावरच ऐकलंत ना? कारण आमच्या कचेरीत लावल्या तेव्हा टेबलावरचा पेला हलत होता हो."

बरं! म्हणजे आता पेला साक्षीला. मी म्हटलं, बाई, मी वीस वर्षं बेस वाजवतोय, आहे की नाही ते मला कळतं. "शुक्रवारी छपाईला जातंय, तोपर्यंत सांगा," म्हणाल्या. यांनाही कोणीतरी गाठलंय.

मंगळवार, १८ मार्च

दवाखान्यातली दोन नंबरची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये बंद पडली. आत चाकाच्या खुर्चीतल्या आजी आणि त्यांची सून. सुखरूप काढलं, आजी उलट आम्हालाच धीर देत होत्या. बेअरिंग गेलं होतं.

फिटरने जुनं बेअरिंग काढून माझ्यापुढे ठेवलं. मोठ्या साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. "तुमच्या नुसत्या कानावर आपण दुरुस्तीच्या तारखा ठरवायचो. या वेळी काय झालं?" मी म्हटलं, मी तपासलं तेव्हा मोटर ठीक होती. नंतर कोणी हात लावला ते विचारा. साहेब म्हणाले, "काही दिवस रजा घ्या."

फिटरला माझी जागा हवीय. आता दिसतंय सगळं.

बुधवार, १९ मार्च

ठोक्याचा फोन! उचलला. मला ऐकायचंच होतं काय म्हणतो ते.

"खर्ज, बाईंनी मला तुझा लेख वाचून दाखवला. चेष्टा करतोयस ना?"

"तू केलीस चेष्टा. बेस कुठाय तुझ्या तबकडीत?"

तो अगदी हळू, "अरे, असं काय बोलतोस? कव्हर नाही वाचलंस का?"

"आधी कान," म्हटलं. "विसरलास?"

मग म्हणतो, "वहिनीला फोन दे."

माझ्याशी भांडायला फोन केला आणि बोलायचं वहिनीशी? ठेवून दिला. थोड्या वेळाने हिचा फोन वाजला. ही गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं, डोळे पुसत होती.

गुरुवार, २० मार्च

शेवटी कपाटामागून बेस काढला. बँड मोडल्यापासून हात लावला नव्हता. धूळ पुसली, वायर जोडली. म्हटलं, एकदा कानाला आठवण करून द्यावी बेस म्हणजे काय असतो.

बारीक तारा वाजल्या. जाड तार वाजेना! नखाचा खरखराट येतो, तारेचा सूर नाही. तिच्या शेजारचीही तशीच. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. नुसतं कट, कट, कट.

तेवढ्यात चिमणी कानांवर हात ठेवून धावत आली. "बाबा! खिडक्या फुटतील! बंद कर!"

मी ओरडलो. कोणी पाडला हा? स्पीकर कोणी उडवला? माझ्यामागे कोणाला वाजवायला दिला होता? ठोक्याला दिला होता ना?

ही म्हणाली, "कोणी हात लावला नाही रे." मग माझ्याजवळ येऊन बसली. "तुझ्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

बाबांचा इथे काय संबंध? बाबांना दारावरची घंटी नीट ऐकू यायची, पाखरं ऐकू यायची. फक्त मागून ट्रक आला तर कळायचं नाही. हात धरून ओढावं लागायचं.

तिला बाहेर जा म्हटलं. गेली. बाहेर दोघी बोलत होत्या. चिमणीचं सगळं ऐकू येत होतं — "आई, आता सांगूया ना त्याला."

शुक्रवार, २१ मार्च

चिमणीने सकाळी तिन्ही कव्हरं माझ्यापुढे पालथी ठेवली. तिन्हींवर एकच ओळ — बेस : आमचा खर्ज, शेवटच्या तालमींतून. त्याच्याशिवाय जमलं नाही.

मग तिने ठोक्याची तबकडी लावली, स्पीकरची जाळी काढली आणि माझा हात धरून आत ठेवला.

थरथरत होतं. दुसऱ्या कडव्याआधी मी अंगठा घसरवतो ना, ती घसरण हातात आली. तिच्याबरोबर ठोक्याचा पाय. दोन्ही एकाच वेळी.

कानात काही नाही.

बाईंना फोन केला. लेख थांबवा म्हटलं. कारण काय लिहू, म्हणाल्या.

म्हटलं, तळ आहे. माझाच आहे. मला ऐकू येत नाही.