तीन ट्रॉल्या पाचट

कोल्हार,
१९ जानेवारी १९९७

प्रिय यशोधरा,
सप्रेम जयभीम.

माझी मान आखडली आहे. गेल्या रविवारी तुझ्या विमानाची वाट बघत दोन तास आभाळाकडे पाहिलं, तेव्हापासून ती खाली यायला तयार नाही. शाळेत मुलं म्हणतात, लेक पायलट व्हायला निघाली आणि गुरुजींची मान वर गेली. या अन्यायाची दाद कुठे मागायची ते कळव. तुझी आई शेकते, पण शेकताना जरा जास्तच दाबते. आठवडाभर तू आमचा फोन घेतला नाहीस, त्याचा राग ती माझ्या मानेवर काढते.

त्या दिवशीचा थाट तुला वरून दिसला नाही, म्हणून सांगतो. साखर कारखान्याच्या धावपट्टीवर निम्मं गाव होतं. शेजारच्या लंकाआत्यांनी झेंडूचा हार ओवून आणला होता. तुझं पहिलंच एकटीचं लांबचं उड्डाण, आणि उतरणार आपल्या शिवारात! तू आलीस, एक घिरटी घातलीस आणि आल्या वाटेने निघून गेलीस. आत्या म्हणाल्या, "इमान हाय का टिटवी? आली, वराडली अन् गेली!" सगळे हसले. मला नाही हसू आलं. संध्याकाळी बूथवरून तुला म्हणालो, भित्री निघालीस, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तू एवढंच म्हणालीस, "आप्पा, दिसत नव्हतं," आणि फोन ठेवलास.

दिसत नव्हतं म्हणजे काय? आम्हाला तर तू चांगली दिसत होतीस!

त्या रागातच, तू दिवाळीत इथे विसरून गेलेली उड्डाणाच्या अभ्यासाची वही मी उघडली. तिच्यात लिहिलं होतं: जिथे टॉवर नाही, विचारणारं कुणी नाही, तिथे नजरेच्या भरवशावर उडायचं. पण पुढचं पाच किलोमीटर दिसलं पाहिजे, ढगापासून लांब राहिलं पाहिजे, नाहीतर माघारी. आपल्या तालुक्याचा निम्मा कारभार असाच विचारणारं कुणी नसताना चालतो, फक्त त्याला पाच किलोमीटरची अट नाही.

त्याच पानावर पुढे होतं, की धूर पाहून वाऱ्याची दिशा ओळखावी. हे तू दिवाळीत सांगितलं होतंस आणि तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं होतं. इथे मी वही मिटली. कारण तुला वारा कळावा म्हणून मी ऊसतोडीवरच्या श्रीमंतकडून पाचटाच्या तीन ट्रॉल्या आणवून पट्टीच्या टोकाला पेटवल्या होत्या. दवाने भिजलेलं पाचट. मूठभर धूर पुरला असता, पण लेकीचं स्वागत, हात आखडता कशाला घ्यायचा? श्रीमंत तेव्हाच म्हणाला होता, "गुर्जी, धूर लई व्हतोय." मी म्हणालो, "तुला विमानातलं काय कळतं?"

परवा सकाळी त्याच वेळी आम्ही दोघं पुन्हा गेलो. पाच किलोमीटरवरची पाण्याची टाकी स्वच्छ दिसत होती. एकच ट्रॉली पेटवली. थंडीत धूर वर जाईना; आभाळ मोकळं राहिलं आणि धूर खालीच पसरत राहिला. दहा मिनिटांत टाकी गेली, मग रस्त्याकडची लिंबाची झाडं गेली, मग श्रीमंत गेला. त्याचा खोकला तेवढा राहिला. त्या खोकल्यातून आवाज आला, "आता कळलं का वं गुर्जी, इमानातलं?"

आज विहारात बैठक संपल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, की पोरगी भ्याली नव्हती, बापानेच धूर केला होता. लंकाआत्या म्हणाल्या, "मंग त्यो हार तुमच्याच गळ्यात घालाया पायजे हुता!"

हे पत्र मात्र नुसत्या माफीसाठी नाही. येत्या रविवारी तू पुन्हा इकडे येणार, असं तुझ्या मैत्रिणीने, दीपाने, आईला सांगितलं. समोर धुकं असेल आणि तू माझा टोमणा आठवून खाली घुसशील, या भीतीने मी लिहितोय. टाकी दिसली नाही तर वळ. सगळं गाव उभं असलं, मी उभा असलो, तरी वळ. 'भित्री' हा शब्द मी परत घेतो. त्या दिवशी तू वळलीस तेव्हा टाळ्या पडायला हव्या होत्या, त्या राहून गेल्या. आज विहारातून येताना धावपट्टीवर गेलो आणि एकट्यानेच वाजवून आलो.

तुझाच,
आप्पा