बाळाचं ताट

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ट्रेमध्ये बाळामागून पडलेली वार पसरलेली दिसली की तुमचाच आवाज येतो. नगरच्या त्या दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्हा शिकाऊ पोरींना तुम्ही वार बघायला लावायचात. गोल, वीतभर रुंद, मध्ये बोटभर जाड, कडेला पातळ, वजन साधारण अर्धा किलो. एक बाजू गुळगुळीत, नाळेपासून शिरा फाकलेल्या. दुसरी लालभडक, उंचसखल. "हे बाळाचं ताट आहे. नऊ महिने यावर जेवलंय ते," म्हणायचात. एकदा मी लांबूनच 'बरोबर आहे' म्हणाले, तर सगळ्यांसमोर झापलंत. "डोळ्यांनी माप घेतेस? हात लाव."

गेल्या पंधरवड्यात हात लावला. माझ्याच लेकीची वार होती. आठवा महिना, बाळ पोटातच गेलेलं. मी आता निवृत्त, पण ओळखीच्या सिस्टरनी आत उभं राहू दिलं. वीत ताणायची गरजच पडली नाही बाई, सगळी माझ्या तळहातात मावली. मुलगा होता. कोल्हारला नदीकाठी जावयानं त्याला मातीआड केलं आणि आम्ही घरी आलो, तर विहीणबाईंचं सुरू. "गिरानात भाजी चिरली हिनं. मी नको म्हनत हुते." माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिथल्या तिथे सुनावलं, ग्रहणाचं नि भाजीचं काही नाही, बाळाचं ताटच लहान होतं, त्याला पोटभर मिळालंच नाही. विहीणबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, सोडवलं पोरीला. तर कोपऱ्यातून ती म्हणाली, "म्हणजे मी त्याला उपाशी ठेवलं."

तेव्हापासून ती जेवत नाही. दूध उतरलं तर छाती घट्ट बांधून घेतली, आणि ताट समोर ठेवलं की सरकवते. वार आईच्या हातात नसते, ती बाळाबरोबरच रुजते नि वाढते, हे तुम्ही शिकवलेलं सगळं सांगून झालं. तिच्या कानात शिरत नाही. कसली ही विद्या, बाई? खरी आहे, आणि माझ्या पोरीला खातेय.

परवा शेवटी म्हटलं, माझंच माप चुकलं असेल गं, म्हातारीचा हात, त्यात डोळे भरलेले. वार बरोबरच होती. तिनं ताट ओढून घेतलं. मग अर्धी भाकरी खाल्ली, बहुतेक माझ्यासाठीच. हे पत्र तुम्हाला कुठलं पोचायला, पण तुम्ही असतात तरी लाजेनं मी ते टपालपेटीत टाकलं नसतं. माप चुकलं नव्हतं. मी दोनदा हात लावला होता.