पिशव्यांतली धूळ

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज मराठी मंडळात मी तोंड उघडलं नाही. मी! सोमवारी महादेवपुऱ्याच्या गोदामात माझे तेवीस जुने व्हॅक्यूम क्लीनर जळाले, आणि आमचा चिटणीस हसत म्हणतो, “अण्णा, आता केरसुणी घ्या. स्वल्प व्यायाम होईल.” सगळे हसले. माझ्या संग्रहाला हे भंगार म्हणतात! आईचा मरून रंगाचा, कापडी पिशवीचा क्लीनरही त्यातच होता.

सकाळी गोदामाच्या मालकावर घसा बसेपर्यंत ओरडलो. कुजकी वायर त्याचीच, ठिणगीही तिथेच पडली. पण अग्निशमन दलाचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, वायर कोपऱ्यातच जळून विझली असती. तुमच्या पिशव्यांतल्या धुळीने आग पसरवली.”

पिशव्या. अक्का किती वर्षं सांगत होती, “अरे, रिकाम्या कर त्या.” आणि मी बहिणीलाही भाषणच ठोकलं, की ही त्या त्या घरांची धूळ आहे, खरा इतिहास हाच! आईच्या पिशवीत आमच्या जुन्या घराचा शेवटचा केर होता. तो टाकायचा? कसा?

संध्याकाळी अक्का डबा घेऊन आली. बिसीबेळे भात वाढून समोर बसली. ‘सांगितलं होतं ना’ एवढं तरी म्हणावं तिने! माझं उत्तर सकाळपासून तयार आहे, चांगलं धारदार. ती म्हणाली, “अजून थोडं घे.”

मी ताट ढकललं. तिने ते परत माझ्यापुढे ठेवलं.