लाख गिऱ्हाइकांची सोय

३ मार्च, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून ताईच्या शिवणकामाच्या दुकानाचं ॲप. संपूर्ण मीच बनवणार. कोणाकडेही शिकलेलो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत बावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. माझ्या नोंदीशिवाय वॉशर हलत नाही. मापं ती काय चीज!
ताईला हॉस्पिटलच्या त्रेचाळीस नर्सेसच्या गणवेशांची ऑर्डर मिळाली आहे. तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी. त्यातून पायाचं मशीन सोडून विजेचं घेणार. गुडघा बोलायला लागलाय म्हणते. मेट्रन कडक आहे म्हणे. मीही आहे.
निश्चय: मापांची वही बंद.

४ मार्च
ताईने विचारलं, डेटाबेस म्हणजे काय रे? म्हटलं, ॲपच्या मागचं कपाट. मापं त्यात राहतात. कपाट इंटरनेटवर, दुसऱ्याच्या जागेत, म्हणून महिन्याचं भाडं. ती म्हणाली, माझ्याकडे कपाट आहे की, आणि ते भाडं मागत नाही.
अशा लोकांना सोबत घेऊन पुढे जायचं आहे.

६ मार्च
तुलनेचा तक्ता पूर्ण. अकरा कंपन्या, सव्वीस रकाने. ऑफिसातल्या सिस्टिमवाल्याला दाखवला. त्याने अर्धं मिनिट पाहिला आणि म्हणाला, चार नंबर घ्या, महिन्याला दोन कॉफीचे पैसे, रोज बॅकअप आपोआप. वर म्हणाला, खरं तर त्रेचाळीस नावांना एक्सेलसुद्धा जड होणार नाही, काका.
काका! फार तर नऊ वर्षांनी लहान असेल.
बॅकअप म्हणजे निष्काळजी माणसांवरचा कर. सत्ताविसावा रकाना उघडून तसं लिहिलं.

९ मार्च
निवड झाली. क्रमांक अकरा. पूर्ण फुकट. अटी किरकोळ: जागा मर्यादित, बॅकअप नाही, आणि सात दिवस कोणी वापरला नाही तर डेटाबेस झोपी जातो. बायको म्हणाली, फुकट ते पौष्टिक. तिने टोमणा मारला असावा. मला तत्त्व वाटलं.

१० मार्च, रविवार
हॉस्पिटलात मापं घेतली. ताई फीत लावून आकडा सांगत होती, मी थेट लॅपटॉपवर. कागदाचा संबंध नाही. ताईने दोनदा पिशवीतून वही काढली, मी दोनदा परत पिशवीत घातली. मेट्रनने विचारलं, हे कोण? ताई म्हणाली, धाकटा भाऊ, हौशी आहे. 'हौशी' खटकलं.
घरी आल्यावर चाचणीसाठी माझीही नोंद केली. कंबर ३४. (लग्नातल्या सुटाचं माप. पण माप ते माप.)

११ मार्च
डेटाबेस झोपू नये म्हणून युक्ती: रोज सकाळी माझी नोंद उघडायची, 'सेव्ह' दाबायचं. दात घासायच्या आधी. बायको म्हणाली, आईंना आठवड्यातून एक फोन होत नाही तुमच्याकडून, आणि याला रोज उठवताय.

१५ मार्च
दूरदृष्टी म्हणतात ती ही. आज त्रेचाळीस, उद्या त्रेचाळीस हजार झाल्या तर? भार झेपतो का पाहायला एक लाख खोटी गिऱ्हाइकं तयार केली. नावं, खांदे, बाह्या, सगळं. एकाची बाही चौऱ्याण्णव इंच निघाली. दुरुस्तीला दोन तास गेले, पण चुकीची नोंद मला सहन होत नाही.
ताईचा फोन: कापड कधी मागवायचं? सांगितलं, मोठं काम चालू आहे.

१९ मार्च
कंपनीचा मेल. फुकटची जागा भरली, पैसे भरा. मी भरणार? ज्या नोंदींना सर्वांत जास्त दिवस कोणी हात लावलेला नाही, त्या दहा हजार उडवल्या. स्टोअरचा नियम: धूळ खाणारा माल आधी भंगारात. एकूण वेळ चार सेकंद. सिस्टिमवाल्याला मुद्दाम सांगितलं.

२७ मार्च. सकाळी ११.०५
ताईचा फोन. कापड आलंय, मापं दे. शोधली. दिसत नाहीत. इंटरनेट मंद असावं.

११.४०
इंटरनेट ठीक आहे. नियमात एक बारीक त्रुटी आढळली. नर्सेसच्या नोंदी दहा तारखेच्या, त्यानंतर कोणी उघडलेल्याच नाहीत. खोटी गिऱ्हाइकं पंधराची. म्हणजे धूळ खाणाऱ्या मालात पहिल्या त्रेचाळीस गेल्या त्या नर्सेस. नियम अचूक चालला, हे नोंदवणं आवश्यक.
खऱ्या माणसांपैकी शिल्लक: एक. रोज सकाळी हात लागलेली.

२८ मार्च
ताईला सांगितलं. ओरडली असती तर उत्तर तयार होतं. ओरडली नाही. मशीनवर झाकण घातलं, गुडघा चोळत बसली. मग म्हणाली, तुला नाही म्हणता येत नाही रे मला, लहानपणापासून.


३० मार्च
हॉस्पिटल. प्रणाली समजावून मेट्रनचा विश्वास परत मिळवायचा, अशी योजना. मेट्रन म्हणाली, समजावू नका, एक तरी नोंद दाखवा. एकच होती. दाखवली. तिने ताईच्या गळ्यातली फीत काढून माझ्या कंबरेला लावली आणि आकडा मोठ्याने वाचला. ४१. मागे जमलेल्यांपैकी एक नर्स म्हणाली, सात इंच क्लाउडवरच राहिले वाटतं. सगळ्या हसल्या. मेट्रनही हसली, अकरा वर्षांत प्रथमच, असं मागाहून कळलं.
हसल्यावर नरमली. मापं पुन्हा घ्या म्हणाली, पण ते यंत्र आणि हे गृहस्थ दोन्ही दाराबाहेर. ताईने रदबदली केली, लिहायला माणूस लागेल हो. ठरलं: गृहस्थ आत, यंत्र बाहेर.
त्रेचाळीस मापं. वहीत. माझ्या अक्षरात.

६ एप्रिल. सकाळी ८.५०
कंपनीचा मेल. सात दिवस वापर नाही, डेटाबेस झोपवला आहे. आत नव्वद हजारांवर गिऱ्हाइकं. उठवावंसं वाटलं नाही.
ताईने वहीच्या पहिल्या पानावर माझं माप लिहून ठेवलंय. ४१. पेनने. माझ्या मते तिची फीत जुनी आहे, वापरून ताणली गेली असणार. तिला हे शास्त्रशुद्ध पटवून देणे.

९.२०
ताणलेल्या फितीवर माप कमी येतं. म्हणजे ४१ पेक्षा जास्त.
पटवून देणे रद्द.