घुबडाची पेटी

३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझी पाठ दुखते असं तुझ्या बायकोने कळवलं. सुतारकाम करताना पोक काढून बसू नकोस, हे तू शाळेत असल्यापासून सांगते आहे.

तू घुबडासाठी बनवलेली पेटी धान्यकोठाराच्या बाहेरच्या भिंतीवर उंच बसवली, पण घुबड फिरकलेलं नाही. बाकी माझी तयारी चोख. दारांना खालून पत्रा ठोकला, बिळं सिमेंटने बुजवली, पोती फळ्यांवर रचली. तरी आवारात उंदरांचा सुळसुळाट आहे, आणि दार उघडलं की आत शिरतात.

सोसायटीचे अध्यक्ष म्हणतात, पेरणीचं बियाणं शेतकऱ्यांनी उचलायच्या आत उंदीर हटले नाहीत तर विष ठेवू आणि कोठाराच्या किल्ल्या तुमच्याकडून काढून आमच्या जावयाच्या हाती देऊ. गेल्या खेपेला त्या विषाने आपली मांजर गेली, आणि थप्पीत उंदीर सडले ते निराळंच. माझ्याकडे किल्ल्या असेपर्यंत विष आत येणार नाही.

पेटीत खोट असेल तर कळव. स्वच्छतेत कसूर नाही. दर शनिवारी शिडी लावून पेटी फिनेलने पुसून घेते.

तुम्हा सर्वांची काळजी करणारी,
ताई

११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पाठ बरी आहे, पोकही शाबूत आहे.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. फिनेलपाशी आलो आणि बायको हसून हसून खाली बसली. अगं, दर आठवड्याला शिडी लावून फिनेल मारणारी घरमालकीण असेल तर मीही तिथे बिऱ्हाड करणार नाही! पेटीत खोट नाही. तळाशी भुसा टाक, शिडीला कुलूप घाल आणि त्या भिंतीकडे बघूसुद्धा नकोस. तुला जमणार नाही म्हणा. तू अजूनही येशील तेव्हा माझी हत्यारं आवरतेस. तुझ्या गोल चष्म्यामुळे हमाल पाठीमागे तुला घुबड म्हणतात ना? मग नातलगाला जरा मोकळीक दे.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२० मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तुझं बरोबर होतं असं मी लिहिणार नाही. शिडीला कुलूप घातलं, एवढंच.

जोडपं आलं, पिल्लं झाली. पेटीखालची भिंत घाणीने पांढरी झाली, खाली घुबडांनी ओकलेले केसांचे आणि हाडांचे काळे गोळे पडू लागले. हात शिवशिवत होते, पण झाडू लावला नाही.

परवा अध्यक्ष जावयाला आणि विषाच्या पुड्या घेऊन आले. भिंत बघून नाक मुरडलं. कोठाराचा उकिरडा केलात, किल्ल्या द्या, म्हणाले. मी ते गोळे चहाच्या बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवले आणि एक पेन्सिलीने फोडला. आतून उंदरांच्या कवट्या निघाल्या. दुसऱ्यातूनही. जावयाने हातातला कप खाली ठेवला. मग म्हटलं, कुठलीही थप्पी दाखवा, उघडते. त्यांनी मुद्दाम कोपऱ्यातली मागितली. एक पोतं कुरतडलेलं नाही, लेंडी औषधालासुद्धा नाही.

अध्यक्षांनी पुड्या जावयाच्या पिशवीत परत घालायला लावल्या आणि अशा आणखी पेट्या कोण बनवून देईल ते विचारलं. तुझा पत्ता दिला आहे. आतून रंधा मारू नकोस, पिल्लांच्या नखांना पकड लागते.

काल बियाणं गेलं, धडधाकट. किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. हमाल पेटीतल्या मादीला बाई म्हणतात, आणि मला काय म्हणतात ते तू जाणतोसच. काल एकाच्या तोंडून ते माझ्यासमोरच निसटलं. बिचारा पांढराफटक पडला.

मी ओ दिली.

माया असू दे, पाठ ताठ असू दे.
ताई