अर्धा नळ तुझा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो अर्ध्यातच अडकला आहे, उरलेला समजून घे.) तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि पोरांचे अभ्यास कसे चालले आहेत ते कळव. इकडे मी ठीक.

तुझं हक्कसोडपत्र पोचलं. "माझा हिस्सा तूच घे, मला त्या घराचा लोभ नाही," असं तू फोनवर म्हणालीस. (मन मोठं आहे तुझं. लहानपणी चॉकलेट वाटताना ते कुठे गेलं होतं, हे मी विचारणार नाही.) तो कागद घेऊन वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, घर आई-बाबा दोघांच्या नावावर होतं, अर्धं-अर्धं. (हे बाबांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. कपाटात त्यांना जन्मभर एकच खण मिळाला, त्यातही आईची लोकर.) मग विचारलं, आधी कोण गेलं? कारण आई आधी गेली असेल तर तिचा अर्धा भाग बाबांत आणि आपल्या दोघांत वाटला जातो, आणि मग बाबांचं सगळं आपल्याकडे येतं. मी म्हटलं, आई. आणि ताई, मला चक्क हसू फुटलं. कुठेही जायचं म्हटलं की बाबा बूट घालून जिन्यात उभे आणि आई तिसऱ्यांदा गॅस बघायला आत, हे आपण जन्मभर पाहिलं. या एकाच खेपेला ती गॅस न बघता पुढे निघून गेली. बाबांना काही ते झेपलं नाही, महिन्याभरात तेही गेले. माझं हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही, पण वकिलांनी पाणी दिलं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. अजून वाटणी झालेली नाही, हा कागदही नोंदवलेला नाही, तेव्हा घरात अमुक खोली तुमची, तमुक ताईंची असं काही नाही; प्रत्येक फरशीत निम्मे तुम्ही, निम्म्या त्या. हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते उठेना. स्वयंपाकघरातला गरम-गार पाण्याचा नळ गळत होता म्हणून प्लंबरला बोलावलं होतं. त्याने पाना लावला आणि मी ओरडलो, थांबा, अर्धा नळ ताईचा आहे, तिला विचारलेलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "मग साहेब, गरम बाजू तुमची की गार?" मला खरोखरच विचारात पडलेलं पाहून त्याने सामान पिशवीत भरलं आणि निघून गेला. आता मी सोफ्यावर एका कडेला बसतो. दिवा लावण्याआधी तुला विचारतो, मोठ्याने. शेजारच्या काकूंनी परवा दार ठोठावून विचारलं, पाहुणे आलेत का रे? मी हो म्हटलं. (त्यांनी दोन कप चहा पाठवला. तुझा मीच प्यालो, रागावू नकोस.)

पूर्वी या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आता जेवताना माझ्याच चमच्याचा आवाज येतो. मला फार एकटं वाटतं, ताई. असो. तब्येतीला जप.

तुझा,
ढब्बू

ता. क. नळ अजून गळतोच आहे. प्लंबर म्हणतो, दोन्ही मालक हजर असतील तरच येईन.

आणखी ता. क. तुझं हक्कसोडपत्र मी फाडून टाकलं. सगळं घर माझं झालं तर तुला इथे यायला कारण काय उरणार? तेव्हा ये, आणि नळ कुणाचा कुठून कुठपर्यंत ते ठरवायला चांगली भांड माझ्याशी. निघताना गॅस हवा तितक्या वेळा बघ. मी बूट घालून जिन्यात उभा आहे.